सभागृहातील इंग्रजी आणि सभागृहाबाहेरील मराठी : मुंबईचे कायदेकौन्सिल (१८६२–१९०१) व मराठी वैचारिक गद्य

१

अर्वाचीन मराठी गद्याच्या इतिहासात लोकहितवादी, विश्वनाथ नारायण मंडलिक, काशीनाथ त्र्यंबक तेलंग, महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक ही नावे वेगवेगळ्या प्रकरणांतून येतात. कोणी पत्रलेखक म्हणून, कोणी भाषांतरकार म्हणून, कोणी प्रबोधनाचे अध्वर्यू म्हणून, तर कोणी वृत्तपत्रकार म्हणून. या पाचही जणांत एक गोष्ट मात्र समान आहे. ते सर्व मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलाचे सभासद होते. वाङ्मयेतिहासकार या गोष्टीची नोंद चरित्रपर मजकुरात एका ओळीत करून पुढे जातात. उलट राज्यशास्त्राचे अभ्यासक त्यांची कौन्सिलातील इंग्रजी भाषणे वाचतात आणि त्यांचे मराठी लेखन वाङ्मयाच्या अभ्यासकांकडे सोपवतात. एकाच माणसाची अशी दोन विद्याशाखांत वाटणी झाल्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न दोघांच्याही दृष्टिआड राहिला आहे. ज्या सभागृहात इलाख्याचे कायदे होत होते तेथे मराठी बोलली जात नव्हती; आणि ज्या मराठीत त्या कायद्यांची चर्चा होत होती तिला सभागृहात जागा नव्हती. या स्थितीचा मराठी वैचारिक गद्याच्या घडणीशी काही संबंध पोहोचतो काय?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. मराठी निबंधाच्या उदयाची कारणे अनेक आहेत. छापखाना, मिशनऱ्यांचे वाद, शिक्षणखात्याची क्रमिक पुस्तके आणि इंग्रजी निबंधाचा आदर्श ही सर्वपरिचित कारणे नाकारण्याचा येथे हेतू नाही. त्यांच्या जोडीला कायदेकौन्सिलाच्या रचनेचाही विचार करावा लागेल, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

२

प्रथम कौन्सिलाचे स्वरूप थोडक्यात पाहू. १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबई व मद्रास इलाख्यांचा कायदे करण्याचा अधिकार काढून घेतला आणि तो कलकत्त्यास एकवटला. १८५७ च्या उठावानंतर या केंद्रीकरणाचे दोष राज्यकर्त्यांच्या ध्यानात आले आणि १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टाने तो अधिकार इलाख्यांना परत मिळाला. गव्हर्नर, त्याच्या कार्यकारी मंडळाचे सभासद, ॲडव्होकेट जनरल आणि गव्हर्नरने नेमलेले चार ते आठ जादा सभासद अशी मुंबईच्या कौन्सिलाची रचना होती. जादा सभासदांपैकी निदान निम्मे सरकारी नोकरीबाहेरचे असावेत असा दंडक होता. नेमणूक दोन वर्षांची असे.

या कौन्सिलाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, म्हणजे आज जेथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे त्या इमारतीत, गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली भरली. पहिल्या एतद्देशीय सभासदांत जगन्नाथ शंकरशेट, रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई, माधवराव विठ्ठल विंचूरकर आणि सावनूरचे नवाब ही मंडळी होती. एक मुंबईचे धनाढ्य पुढारी, एक पारशी दानशूर घराण्याचे वारस, एक पेशवाईतील सरदारघराण्याचे वंशज आणि एक संस्थानिक. ही निवड पाहिली म्हणजे सरकारची ‘प्रतिनिधी’ या शब्दाची कल्पना कळून येते. दरबारात ज्यांना मानाची जागा द्यावयाची त्यांनाच कौन्सिलात खुर्ची मिळाली होती.

या सभासदांचे अधिकार फार थोडे होते. मांडलेल्या बिलाखेरीज दुसऱ्या कोणत्याही विषयावर बोलता येत नसे. कारभाराविषयी प्रश्न विचारता येत नसे. जमाखर्चावर चर्चा करता येत नसे. चलन, टपाल, फौजदारी संहिता, धर्म, लष्कर इत्यादी विषयांना हात लावण्यापूर्वी गव्हर्नर जनरलची परवानगी लागे, आणि मंजूर झालेल्या कायद्यालाही त्याची संमती मिळावी लागे. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतर १८७९ साली जो ‘दक्षिणी शेतकऱ्यांचा कर्जनिवारणाचा कायदा’ झाला तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार मराठी जिल्ह्यांपुरता होता. तरीही तो मुंबईच्या कौन्सिलात न होता व्हाइसरॉयच्या कौन्सिलात झाला. महाराष्ट्रातील कुणब्याच्या आयुष्याशी ज्याचा सर्वांत निकटचा संबंध होता असा कायदा त्याच्यापासून सर्वांत दूरच्या सभागृहात घडावा, ही त्या व्यवस्थेची विसंगती लक्षात ठेवण्याजोगी आहे.

३

जगन्नाथ शंकरशेट हे ग्रंथकार नव्हते. तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे पहिल्या कौन्सिलातील अस्तित्व अर्थपूर्ण आहे. १८४० नंतरच्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये शिक्षणाच्या माध्यमाचा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता. नानांनी, मेजर जर्व्हिस यांच्या बरोबरीने, देशी भाषांची बाजू धरली. बहुजनांपर्यंत ज्ञान पोहोचवावयाचे असेल तर ते त्यांच्याच भाषेतून पोहोचले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. शाळेच्या माध्यमासाठी असा आग्रह धरणारा पुरुष १८६२ मध्ये ज्या सभागृहात बसला त्याचे कामकाज इंग्रजीत होते. शिक्षणाचे माध्यम हा निदान वादाचा विषय होऊ शकला; कायद्याचे माध्यम हा वादाचाही विषय झाला नाही.

लोकहितवादींचे उदाहरण याहून बोलके आहे. ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ पासून प्रसिद्ध झालेल्या शतपत्रांत गोपाळ हरी देशमुख यांनी हिंदुस्थानासाठी पार्लमेंटाची कल्पना मांडली. लोकांनी अर्ज करून अशी सभा मागावी आणि तीत ठिकठिकाणचे शहाणे लोक बसावेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. पंचविशीतल्या एका तरुण सरकारी नोकराने, इलाख्याला कायदे करण्याचा अधिकारही नसताना, हा विचार मराठीत आणि तोही सर्वसाधारण वाचकाला उद्देशून मांडला, हे विशेष. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी, न्यायखात्यातून निवृत्त झाल्यावर, १८८० साली त्यांची मुंबईच्या कौन्सिलावर नेमणूक झाली. कल्पिलेली सभा आणि लाभलेली सभा यांतील अंतर त्यांच्याइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल. शतपत्रांतील सभेत लोकांनी निवडलेले लोक बोलणार होते. प्रत्यक्ष सभेत गव्हर्नराने निवडलेले लोक गव्हर्नराच्या अध्यक्षतेखाली बोलत होते, आणि शतपत्रांच्या भाषेत बोलत नव्हते.

४

या संदर्भात शब्दांचा इतिहास उद्बोधक आहे. कायदेकौन्सिलासंबंधीच्या मराठी परिभाषेत तीन थर सहज वेगळे करता येतात. ‘कायदा’, ‘कलम’, ‘मुखत्यार’ हे फारसी-अरबी थरातले शब्द जुन्या राजव्यवहारातून चालत आलेले. ‘कौन्सिल’, ‘बिल’, ‘बजेट’, ‘मेंबर’ हे इंग्रजी शब्द नव्या संस्थेबरोबर आलेले. तिसरा थर संस्कृत शब्दांचा. हे शब्द जुनेच, पण त्यांचा अर्थ या काळात पालटला.

‘सभासद’ हा शब्द मराठी वाचकाला कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीमुळे परिचित आहे. तेथे त्याचा संबंध राजसभेशी, राजाच्या पदरी असण्याशी आहे. ‘प्रतिनिधी’ हे तर मराठी राज्यातील एक पदच होते. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस निर्माण झालेले हे पद पुढे औंधच्या घराण्यात स्थिर झाले. तो प्रतिनिधी राजाचा असे. राजाच्या वतीने प्रजेसमोर उभा राहणारा तो प्रतिनिधी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दाची दिशा उलटली आणि प्रजेच्या वतीने राज्यकर्त्यांसमोर उभा राहणारा तो प्रतिनिधी, असा अर्थ रूढ झाला.

हा अर्थबदल कौन्सिलाने घडवला असे मात्र म्हणता येत नाही. १८६२ चे सभासद जुन्याच अर्थाला अधिक जवळ होते. नव्या अर्थाला व्यवहारात आणले ते कौन्सिलाबाहेरील संस्थांनी. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा सभासद होण्यासाठी निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. ‘मुखत्यारपत्र’ हा कोर्टकचेरीतला शब्द. वकिलाला, कारभाऱ्याला आपल्या वतीने वागण्याचा अधिकार देणारा तो कागद. सभेने तो राजकीय अर्थाने वापरला. म्हणजे ज्या काळात कायदे करणाऱ्या सभासदापाशी एकाही मतदाराची सही नव्हती, त्या काळात कायदे करण्याचा कसलाही अधिकार नसलेल्या सभेच्या सभासदापाशी पन्नास सह्या होत्या. अधिकार एकीकडे आणि प्रतिनिधित्व दुसरीकडे, अशी ही विभागणी होती. आणि प्रतिनिधित्व जिकडे होते तिकडची भाषा मुख्यतः मराठी होती.

५

कौन्सिलातील आणि कौन्सिलाबाहेरील अशा दोन्ही ठिकाणी वावरणाऱ्यांपैकी मंडलिक व तेलंग यांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. रावसाहेब मंडलिक १८७४ साली कौन्सिलावर नियुक्त झाले आणि पुढेही त्यांची फेरनेमणूक होत राहिली. १८८४ साली ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलावर गेले. एल्फिन्स्टनच्या हिंदुस्थानच्या इतिहासाचे मराठी भाषांतर त्यांनी केले, आणि व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृती यांचे इंग्रजी भाषांतरही केले. १८६४ मध्ये सुरू झालेल्या ‘नेटिव्ह ओपिनियन’ या त्यांच्या पत्रात इंग्रजी व मराठी असे दोन्ही मजकूर येऊ लागले. इंग्रजी इतिहास मराठीत, संस्कृत धर्मशास्त्र इंग्रजीत आणि वर्तमान राजकारण दोन्ही भाषांत, असा हा व्यवहार होता. भाषांतर हा मंडलिकांच्या वाङ्मयीन जीवनातला एक उपक्रम मानला जातो. वस्तुतः तीच त्यांच्या सार्वजनिक जीवनाची रीत होती. ज्या सभागृहात धर्मशास्त्रावर आधारलेले हक्क इंग्रजी कलमांत बसवले जात होते तेथे बसणाऱ्या माणसाला ती रीत अपरिहार्यही होती.

तेलंग १८८४ मध्ये कौन्सिलावर आले आणि १८८९ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश होईपर्यंत राहिले. १८८८ चा मुंबई म्युनिसिपल ॲक्ट घडवण्यात त्यांचा आणि फिरोजशहा मेहता यांचा वाटा मोठा आहे. या कायद्यावरील चर्चेत तेलंगांनी दाखवलेली कायद्याची जाण इंग्रजी नोंदींत आहे. परंतु मराठी अभ्यासकाने तिच्या शेजारी तेलंगांचे ‘स्थानिक राज्यव्यवस्था’ हे इंग्रजीवरून केलेले पुस्तक ठेवून पाहावे. एकीकडे शहराला स्वराज्याचे अधिकार देणारा कायदा इंग्रजीत घडतो आहे, आणि दुसरीकडे स्थानिक स्वराज्य म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगणारे पुस्तक त्याच लेखणीतून उतरते आहे. त्यांनी लेसिंगच्या नाटकाचे ‘शहाणा नेथन’ हे भाषांतर केले, त्याचाही विषय परधर्मसहिष्णुता हा आहे, आणि बहुधर्मीय मुंबईच्या नागरी जीवनाशी त्याचे नाते उघड आहे. तेलंगांचे मराठी लेखन संख्येने अल्प आहे, आणि म्हणूनच ते उपेक्षित राहिले. कौन्सिलातील कार्याशी जोडून वाचले म्हणजे त्यामागील सुसंगती ध्यानात येते.

रानडे १८८५, १८९० व १८९३ साली कौन्सिलावर नेमले गेले. त्यांचे बरेचसे लेखन इंग्रजीत असले तरी मराठीला विद्यापीठात स्थान मिळावे म्हणून त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट केली. कायद्याच्या आणि उच्च शिक्षणाच्या अशा दोन्ही दालनांतून मराठी वगळली गेली होती. त्यांपैकी दुसऱ्या दालनाचे दार उघडणे शक्य आहे, असे त्यांना वाटले असावे.

६

सरकारलाही या दोन भाषांमधील भेदाची पुरेपूर जाणीव होती. १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा हे त्याचे स्पष्ट गमक होय. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत झालेला आणि १८८२ मध्ये रद्द झालेला हा कायदा केवळ देशी भाषांतील पत्रांना लागू होता. इंग्रजी पत्रे त्यातून मुक्त होती. एकच टीका इंग्रजीत केली तर ती मत ठरे आणि मराठीत केली तर धोका ठरे. कौन्सिलातील इंग्रजी भाषण कितीही कठोर असले तरी ते मूठभर श्रोत्यांपुरते राही. मराठी लेख चावडीवर मोठ्याने वाचला जाई.

येथे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर शोधता येते. १८६२ ते १८९२ या तीस वर्षांत कौन्सिलात प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. ‘निबंधमाला’ (१८७४) आणि ‘केसरी’ (१८८१) यांचा जन्म याच काळातला. या काळातील मराठी राजकीय निबंधाची काही लक्षणे पाहा. सरकारला उद्देशून थेट प्रश्नांची मालिका, आकड्यांची छाननी, सरकारी ठरावातील वाक्यांचा कलमवार समाचार, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडून मग त्याचे खंडन. ही सारी सभागृहातील वादाची लक्षणे आहेत. जो प्रश्न सभासदाला विचारता येत नव्हता तो निबंधकाराने विचारला. जे अंदाजपत्रक कौन्सिलापुढे चर्चेला येत नव्हते ते वृत्तपत्राने चर्चेला घेतले. मराठी निबंधात जो आवेश आणि जी वक्तृत्वशैली आढळते, तिचे श्रेय केवळ लेखकांच्या स्वभावाला किंवा मेकॉलेच्या अनुकरणाला देणे म्हणूनच अपुरे वाटते. ज्यांना सभागृह नव्हते अशा वक्त्यांचे ते गद्य आहे.

७

१८९२ च्या कायद्याने ही स्थिती अंशतः बदलली. मुंबईच्या कौन्सिलातील जादा सभासदांची संख्या वीसपर्यंत वाढवता येऊ लागली. अंदाजपत्रकावर बोलण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. मात्र अंदाजपत्रकावर मत देता येत नसे आणि उपप्रश्न विचारता येत नसे. म्युनिसिपालिट्या, लोकल बोर्डे, विद्यापीठ अशा संस्थांनी नावे सुचवावीत आणि सरकारने ती नेमावीत, अशी पद्धत सुरू झाली. कायद्यात ‘निवडणूक’ हा शब्द नव्हता; व्यवहारात ती निवडणूकच होती.

मध्य विभागातील लोकल बोर्डांच्या वतीने टिळक १८९५ मध्ये निवडून आले. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. सरकारच्या दुष्काळनिवारणाच्या संहितेत रयतेला काही सवलतींचा हक्क दिलेला होता, पण रयतेला तो ठाऊक नव्हता, कारण ती संहिता तिच्या भाषेत तिच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. टिळकांनी ‘केसरी’तून त्या तरतुदी समजावून सांगितल्या. सार्वजनिक सभेने मराठीत पत्रके काढून ती गावोगाव वाटली. येथे नवा कायदा मागितला नव्हता. सरकारच्याच लिखित वचनाचे भाषांतर केले होते. तरीही ते इतके जाचले की १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

त्याच वर्षी टिळक पुन्हा निवडून आले आणि जुलैमध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून पकडले गेले. आरोप ‘केसरी’तील मराठी मजकुरासंबंधी होता. न्यायालयाची भाषा इंग्रजी असल्यामुळे ज्यूरीपुढे वाद चालला तो भाषांतरावर. कोणत्या मराठी शब्दाची छटा कोणत्या इंग्रजी शब्दाने व्यक्त होते, यावर एका माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून होते. नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपियनांनी त्यांना दोषी ठरवले, तीन हिंदी ज्यूररांनी निर्दोष ठरवले, आणि न्या. स्ट्रॅची यांनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. कौन्सिलातील सभासद या नात्याने इंग्रजीत बोललेल्या एकाही शब्दासाठी टिळकांवर खटला झाला नाही. संपादक या नात्याने मराठीत छापलेल्या शब्दांसाठी झाला. दोन भाषांना राज्यकर्ते किती वेगळे वजन देत होते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

टिळक पुन्हा कौन्सिलात गेले नाहीत. १८९९ च्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखले निवडून आले. ऑगस्ट १९०१ मध्ये पुण्यास जमीनमहसूल कायद्याच्या दुरुस्तीचे बिल चर्चेला आले. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क शेतकऱ्याला न देण्याची तरतूद त्यात होती. विरोधाचा उपयोग होत नाही असे पाहून फिरोजशहा मेहता, गोखले, भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, दाजी आबाजी खरे आणि गोकुळदास पारेख हे सभात्याग करून बाहेर पडले. कौन्सिलाच्या पहिल्या चाळीस वर्षांचा शेवट असा झाला. यानंतर मराठी भाषिकांच्या राजकारणात ‘नामदार’ गोखले आणि ‘केसरी’कार टिळक असे दोन स्वतंत्र आदर्श उभे राहिले. यापूर्वी मंडलिक किंवा तेलंग यांच्यासारखा एकच माणूस जी दोन कामे दोन भाषांतून करीत होता, ती आता दोन माणसांत वाटली गेली.

८

हे विवेचन येथेच थांबवले तर ते एकांगी होईल. सभागृहातील इंग्रजी आणि बाहेरील मराठी या दोहोंच्याही पलीकडे फार मोठा समाज होता. रानडे व लोकहितवादी यांनी १८७८ मध्ये मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरवली. १८८५ च्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले आणि त्यांनी ते नाकारले. जे लोक सर्वांचे मानवी हक्क व्यवहारात मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी व ग्रंथांशी आमचा मेळ बसत नाही, हे त्यांच्या पत्राचे तात्पर्य. ज्या वर्षी रानडे कौन्सिलाचे सभासद झाले त्याच वर्षीचे हे पत्र आहे. १८८३ मध्ये लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जोतीरावांनी ज्या अडाणी कुणब्याची कैफियत मांडली, त्याला कायद्याचे इंग्रजी जितके परके होते तितकेच पांढरपेशांचे निबंधी मराठीही परके होते. जोतीराव पुण्याच्या म्युनिसिपालिटीत सभासद होते, कौन्सिलात कधीच नव्हते. त्यांचा आक्षेप पोचतो तो दोन्ही ठिकाणी. मुखत्यारपत्रावर सह्या कोणाच्या, आणि ग्रंथकारांच्या सभेत ग्रंथकार कोण, हा एकच प्रश्न आहे. स्त्रिया तर या सह्यांच्या हिशेबातही नव्हत्या.

म्हणूनच कौन्सिलाबाहेरील मराठी गद्याला ‘लोकांचे सभागृह’ म्हणताना सावधगिरी बाळगली पाहिजे. तेही मर्यादित मताधिकाराचे सभागृह होते, एवढेच की तो मताधिकार साक्षरतेचा व जातीचा होता.

पदव्युत्तर वर्गात शतपत्रे, ‘निबंधमाला’, ‘केसरी’तील निबंध शिकवताना कौन्सिलाच्या कामकाजाचे छापील वृत्तांत सहसा हाती घेतले जात नाहीत. ते इंग्रजीत आहेत म्हणून ते आपले नव्हेत, अशी समजूत त्यामागे असते. परंतु मराठी निबंध ज्या शांततेला उत्तर देत होता ती शांतता त्या वृत्तांतांतच सापडते. सभासदाने कोठे बोलणे थांबवले हे कळल्याखेरीज निबंधकाराने तेथूनच का सुरुवात केली हे कळत नाही. आज महाराष्ट्राच्या विधानमंडळाचे कामकाज मराठीतून चालते. ही गोष्ट आपल्या इतक्या अंगवळणी पडली आहे की ती नसतानाचे गद्य आपण केवळ शैलीच्या अंगाने वाचतो. ते नाकारलेल्या सभागृहाचे गद्य म्हणून वाचले, तर त्याच्या शैलीचाही अधिक समाधानकारक उलगडा होईल असे वाटते.